नातीचा जोडविषय

घ्या चहा, सांगतो. माझं डोकं अजून चालंना. माझी नात पुण्यात विद्यापीठात शिकती. सुट्टीला गावाकडं पिंपळीला आली आन् म्हणाली, मुख्य विषयाला जोडून तिनं माणसाच्या लैंगिकतेचा विषय घेतलाय. डॉक्टर, वकील, इतिहासवालं, समदी मिळून शिकवत्यात म्हणं.

तिचा बाप, म्हंजे माझा थोरला, ताडकन उठला. "असला विषय न्हाय शिकायचा! आबा, तुमीच सांगा. तुमी म्हणाल तसं."

आता मी काय सांगणार? मी शाळंचं तोंड बघितलेलं न्हाय. म्हणलं, "पोरी, आमचं समदं न शिकताच झालं की. ह्यात शिकायचं काय असतं?"

"आबा, लग्नाआधी तुमाला कुणी काय सांगितलं होतं का?"

मी म्हणलं, "चुलत्याला इचारलं होतं. त्यो म्हणला, एवढी वर्सं मेंढरं राखलीस, तुला येगळं काय सांगायचं?"

  आत आमच्या म्हातारीची भाकरी थापायची थांबली.

"शिकू दे तिला," म्हातारी आतनंच म्हणाली. "आन् नवरा बघाल, त्यो बी ह्योच विषय शिकलेला बघा."