पुतळ्याची गाठ

...नाही, तुम्हीच सांगा, सुट्टीच्या दिवशी सकाळी माणसानं काय करावं? लोळावं! पेपर वाचता वाचता तो तोंडावर घेऊन परत झोपावं! आणि आमच्या घरी काय? तर 'सहकुटुंब सागरी फेरी, कला आणि वारसा, सर्व वयोगटांसाठी'! म्हणजे काय, तर समुद्राच्या कडेकडेनं चालायचं, वाटेत नगरपालिकेनं ठेवलेली शिल्पं बघायची, जुन्या इमारतींच्या पाट्या वाचायच्या, पाय दुखवून घ्यायचे आणि घरी यायचं. अहो, समुद्र आमच्या गच्चीतून दिसतो. बसल्या बसल्या दिसतो! पण आमची ही म्हणाली, "अहो, वारसा आहे आपला." म्हटलं असेल बुवा. माझं काही म्हणणं नाही.

आता तुम्हाला खरं सांगतो, वारसा हे कारण नव्हतंच. कारण होतं माझे सासरे. सासरे आयुष्यभर धक्क्यावर जहाजं बांधायच्या कामाला होते. जहाज आलं की वरून हा मांडीएवढा जाड दोर खाली येणार, तो लोखंडी खुंटाला बांधायचा. आणि त्यांची गाठ म्हणजे... काय सांगू तुम्हाला, जेवताना सांगतात, झोपताना सांगतात, दाढी करताना गालाला फेस लावून सांगतात, "माझ्या हातचं जहाज कधी सुटलं नाही!" तर धक्का बंद व्हायच्या बेताला तिथे एक शिल्पकार येऊन चित्रं काढत बसायचा. पुढे त्यानं खुंटाला दोर बांधणाऱ्या माणसाचा ब्राँझचा पुतळा केला, नगरपालिकेनं तो धक्क्यावर बसवला, खाली पाटी लावली, 'अनामिक कामगार'. आणि सासऱ्यांना पक्कं ठाऊक, की तो पुतळा म्हणजे ते स्वतः! पाहिलेला नाही हं. धक्का बंद झाल्यापासून त्या बाजूला फिरकलेच नव्हते. पण ठाऊक! माझी मुलगी तिसरीत आहे. तिनं वर्गात सांगून टाकलं, 'माझ्या आजोबांचा पुतळा आहे.' वर्गानं विचारलं, 'फोटो दाखव.' झालं! सोमवारी फोटो दाखवायचा, म्हणून रविवारी आमची वरात.

सासरे काय नटले होते! इस्त्रीचा शर्ट, कामावरची जुनी टोपी, गुळगुळीत दाढी. मुलगी त्यांचा हात सोडायला तयार नाही. आणि मी? मी सामान. पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, बिस्किटं, सासऱ्यांचं बसायचं घडीचं स्टूल, सगळं एका चाकाच्या ढकलगाडीवर, आणि त्यावर दोरी. दोरी बांधली मी. आता मी चष्म्याच्या दुकानात काम करणारा माणूस. माझा सगळा कारभार एवढ्याशा स्क्रूचा! चष्म्याला कुठे गाठ असते? मी आपला माझ्या पद्धतीनं बांधतो. दोन वेढे, वर बुटाच्या नाडीचं असतं तसं फूल, आणि फुलावर भरवसा नाही म्हणून त्याच्या डोक्यावर आणखी एक गाठ. सासऱ्यांनी बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "जावईबापू, हे काय आहे?" म्हटलं, "गाठ." म्हणाले, "असं का!" एवढंच. अहो, लग्न ठरवायला आलो होतो तेव्हा माझी बॅग बांधलेली बघून हे मुलीला म्हणाले होते, 'मुलगा चांगला आहे, पण याच्याकडे काही बांधायला देऊ नकोस.' त्यानंतर आज इतकी वर्षं झाली, ही मला साध्या पुड्यालासुद्धा दोरी बांधू देत नाही, मग आजच का बांधायला लावली? तर तिला साडीला पिना लावायच्या होत्या! पण जाऊ दे. माझं काही म्हणणं नाही.

दीपगृहापाशी सगळे जमले. माहिती सांगायला एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात कर्णा, चेहऱ्यावर असं हसू की आपल्याला उगाच अपराधी वाटावं. "सुप्रभात मंडळी! आज आपण आपल्या शहराला नव्यानं भेटणार आहोत!" मी म्हटलं, मी काल संध्याकाळीच भेटलोय, भाजी आणायला गेलो होतो तेव्हा. हिनं कोपर मारलं. पहिलं शिल्प म्हणजे नुसत्या नळ्या. उभ्या, आडव्या, तिरक्या. नाव काय, तर 'वाऱ्याचा श्वास'. वारा आला की त्यातून आवाज येतो, आमच्या शेजारचे काका घोरतात तसा हुबेहूब! त्या आवाजासाठी मी रात्री खिडकी लावून घेतो, आणि इथे लोक डोळे मिटून ऐकतायत! मग एक दगडी बाक आलं. मी बसलो. "सर, सर! ते शिल्प आहे!" उठलो. पुढे तसंच आणखी एक बाक आलं, तिथे मी आदरानं हात मागे बांधून उभा राहिलो, तर ती म्हणते, "बसा ना सर, ते बाक आहे."

आणि जुन्या वखारीपाशी, ती सगळ्यांना सांगतेय, "आता दोन मिनिटं शांत राहा आणि या भिंती काय बोलतात ते ऐका," सगळे शांत, आणि धडाड! माझी गाठ सुटली. स्टूल पडलं, छत्र्या पडल्या, बाटल्या गडगडत त्या वारसाप्रेमी मंडळींच्या पायांतून थेट उतारावर! मी वाकून वाकून गोळा करतोय आणि सासरे सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगतायत, "आमचे जावई. चष्म्याच्या दुकानात असतात." मी परत बांधली. तशीच. मला तेवढी एकच येते.

आला बुवा धक्का एकदाचा. पुतळा खरंच छान होता हो. खोटं कशाला बोला? वाकलेला माणूस, दोर ओढतोय, पाठ ताणलेली. सासरे लांबूनच थांबले. टोपी सारखी केली. मुलगी नाचायला लागली, "आजोबा, तुम्ही! आजोबा, तुम्ही!" आणि सासऱ्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, मी बघितलं. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्यांच्या मुलीच्या पाठवणीलाही बघितलेलं नाही.

तेवढ्यात समोरच्या बाकावरून आवाज आला. "कोण तुम्ही? तो मी आहे!"

बघतो तर बाकावर तीन म्हातारे. एक उंच, एक मिशीवाले, एक टोपीवाले. तिघेही सासऱ्यांच्याच कामावरचे! त्या शिल्पकारानं बसल्या बसल्या सगळ्यांचीच चित्रं काढली होती हो! उंच म्हणतात, "हात बघा त्याचे! एवढे लांब हात अख्ख्या धक्क्यावर कुणाला होते?" मिशीवाले उसळले, "आणि मिशी? मिशी काय तुला होती?" "ती मिशी नाही, सावली आहे!" "सावली तुझ्या डोळ्यांत!" टोपीवाले आपले शांतपणे एकच वाक्य परत परत, "टोपी कुणाची आहे ते बोला. टोपी कुणाची आहे ते बोला." आणि आमचे सासरे, इस्त्रीचा शर्ट, बाह्या मागे सारून मध्ये घुसले, "पाठ माझी आहे! हिला विचारा, माझ्या मुलीला विचारा, लहानपणी या पाठीवर बसायची ती!" मी माहितीवाल्या मुलीकडे बघितलं. ती आपली पाणी पितेय. म्हणाली, "तुमचे चौथे का? हे दर रविवारी असंच असतं. पुतळ्याला हात लावू नका एवढंच सांगा त्यांना." मी कशाला सांगतोय? माझं काही म्हणणं नाही!

आणि तेवढ्यात... हो, बरोबर ओळखलंत. सुटली! परत सुटली! बाटली निघाली ती थेट पुतळ्याच्या मागे, समुद्राच्या बाजूला, कठड्यापाशी. आमची मुलगी धावली तिच्यामागे. आणि तिथून ओरडली, "आजोबा! इथे मागे तुमची गाठपण आहे!"

आता हे तिघे इतके दिवस समोरच्या बाकावर बसून तोंडाकडे बघत होते, मागे कोण जातो? सासऱ्यांचा चेहरा असा उजळला! म्हणाले, "चला! आता बघाच! गाठ खोटं बोलत नाही!" आणि सगळ्यांना घेऊन ताठ मानेनं मागे गेले. मागे जाऊन वाकले. वाकले ते वाकलेलेच. मग उंच वाकले. मिशीवाले वाकले. टोपीवाल्यांनी टोपी काढली, कुणी गेल्यावर काढतात तशी.

मग मिशीवाल्यांनी घसा खाकरला. "नाही म्हणजे... ती सावलीच आहे. मी मघापासून तेच म्हणतोय." उंच म्हणाले, "माझे हात याहून लांब आहेत, हे बघा ना." टोपीवाले म्हणाले, "टोप्या काय, सगळ्यांना सारख्याच मिळायच्या!" आणि तुम्हाला सांगतो, तिघेही पाच पावलं मागे! जो पुतळा मघाशी फाडून वाटून घ्यायला निघाले होते, तो आता कुणाचाच नाही! का? तर ती गाठ! जन्मभर जहाजं बांधलेली माणसं ती, म्हणे असल्या गाठीनं होडकंसुद्धा राहायचं नाही.

माहितीवाली मुलगी म्हणाली, "मग आजोबा, आता तुमचाच ना? घ्या फोटो काढून, पुढे जायचंय आपल्याला." बघा हं आता. भांडायला कुणी उरलं नव्हतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. नात समोर मोबाईल धरून उभी. हिनं डोळ्यांनी खुणावलं, म्हणा, अप्पा, म्हणा! मीसुद्धा, मी म्हणजे ज्याचं कधी काही म्हणणं नसतं तो मी, मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अहो, हो म्हणा की. फोटोत काही गाठ दिसायची नाही. कोण बघतंय?"

सासरे म्हणाले, "मी बघतोय ना."

आणि नातीला म्हणाले, "बाळा, हा मी नाही."

पोरीचा चेहरा असा उतरला... वाईट वाटलं हो मला. खूप वाईट वाटलं. ती म्हणाली, "पण मी वर्गात सांगितलंय." सासऱ्यांनी स्टूल मागितलं, टोपी मांडीवर ठेवून समुद्राकडे तोंड करून बसले. आणि मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला एखादी चांगली गाठ मारता यायला हवी होती, या माणसाला निदान तेवढं तरी देता आलं असतं.

मुलगी आपली परत पुतळ्यामागे. बोट फिरवतेय गाठीवरून. पुटपुटतेय. "दोन वेढे... मग फूल... आणि फुलाच्या डोक्यावर परत..." थांबली. ढकलगाडीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि वखारीच्या भिंतीसुद्धा ऐकतील अशी किंचाळली, "ही तर बाबांची गाठ आहे!"

सगळे म्हातारे गाडीपाशी! मी बांधलेली दोरी अर्धी तशीच लोंबत होती. तिच्याकडे बघितलं, पुतळ्यामागे जाऊन आले, परत तिच्याकडे बघितलं. उंच म्हणाले, "तीच." मिशीवाले म्हणाले, "नाकसुद्धा यांचंच आहे!" टोपीवाल्यांनी स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर घालून बघितली आणि म्हणाले, "संपला विषय." मी म्हणतोय, "अहो, मी चष्म्याच्या दुकानात असतो! मी आयुष्यात या धक्क्यावर..." ऐकतोय कोण! सासरे स्टुलावरून उठले. माझ्या खांद्यावर हात टाकला. लग्नानंतर पहिल्यांदा! आणि सगळ्या लोकांना ओरडून सांगितलं, "आमचे जावई! पुतळा आमच्याच घरातला आहे!" पोरगी हसली, माझ्या कमरेला मिठी मारली, फोटो निघाला. त्यात सासरे पुतळ्याकडे बोट दाखवून हसतायत आणि मी पुतळ्यापेक्षा ताठ उभा आहे.

आता दर रविवारी मला तिथे नेतात. चौघेही! माहितीवाली मुलगी कर्ण्यातून सांगते, "आणि मंडळी, हे स्वतः आज आपल्यात आहेत!" लोक टाळ्या वाजवतात. मग सासरे मला एक दोरी देतात, मी माझी गाठ मारतो, ती सगळ्यांच्या देखत सुटते, आणि सासरे लहान मुलांना सांगतात, "बघितलंत? अशी मारायची नाही." नातीला मात्र जवळ बसवून खरी गाठ शिकवतात. तिला येते आता. मला अजून नाही. माझं काही म्हणणं नाही हो... पण परवा एकटाच गेलो होतो तिकडे. पुतळ्यामागे जाऊन ती ब्राँझची गाठ चांगली हलवून बघितली. घट्ट आहे. माझ्या आयुष्यात न सुटलेली ती एकच गाठ, आणि तीसुद्धा मी मारलेली नाही!