उथळ खाचेतली पट्टी

नाव: ऑल्विन कीथ डिरीन. वय: ७१ वर्षे. धंदा: निवृत्त जमीन मोजणीदार. राहणार: गीव्हस्टन, टास्मानिया.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मयत बॅसिल रॉलिंग्ज हे माझे शेजारी होते. त्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघे हौसेने सुतारकाम करत होतो. सध्या स्विफ्ट पोपटांसाठी घरट्यांच्या पेट्या करणे चालू होते. पेटीचे झाकण उतरते असते, त्यामुळे फळ्या तिरक्या कापाव्या लागतात.

बॅसिल यांची टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, जुनी व लहान आहे. फळी ठरलेल्या कोनात धरून पात्याकडे ढकलण्यासाठी मायटर गेज लागतो. तो टेबलातल्या खाचेतून सरकतो. या टेबलाची खाच उथळ आहे. विकत आणलेल्या गेजची लोखंडी पट्टी जाड निघाली. ती खाचेच्या वर राहायची आणि गेज डुगडुगायचा. म्हणून लोखंडी पट्टी काढून तिच्या जागी ब्लॅकवूड लाकडाची पातळ पट्टी बसवण्यात आली होती. ती घट्ट होती, पण सरकत होती.

बॅसिल यांनी ती सरकवून पाहिली व म्हणाले, "अरे, थोडी घास की. लाकूड आहे, हिवाळ्यातल्या पावसात पाणी पिऊन फुगतं."

मी म्हणालो, "ढिली केली की कोन गेला."

"तुझा कोन! पोपट काय मोजपट्टी घेऊन येणारेत?" असे ते म्हणाले. मग म्हणाले, "जाऊ दे. मोजणीदाराशी कोण वाद घालणार."

त्यानंतर आठवडाभर पाऊस होता. गॅरेजमधली शेगडी पेटवलेली नव्हती. मंगळवारी सकाळी मी पट्टी तपासली नाही. बॅसिल यांनी करवत सुरू केली. पात्यावरची झाकणी जागेवर होती. काप अर्धा झाला आणि गेज अडकला. त्यांनी जोर लावला. पट्टी खाचेतून वर निघाली, फळी वाकडी होऊन पात्यात सापडली आणि उडून त्यांच्या पोटावर डाव्या बाजूला बसली. हाताला काही झाले नाही. ते करवत बंद करून स्टुलावर बसले.

मी आधी पट्टी पाहिली. तिला तडा गेलेला नव्हता.

बॅसिल म्हणाले, "फार लागलं का रे तिला?"

मी हसलो.

त्यांच्या पत्नी नोला चहा घेऊन आल्या. त्यांना ते म्हणाले, "काही नाही गं, फळीने लाथ मारली." डॉक्टरकडे जाऊ, असे मी म्हटले नाही. दुपारी ते अंगणात कोसळले. होबार्टच्या रुग्णालयात प्लीहा फुटल्याचे सांगण्यात आले. त्याच रात्री ते वारले.

अंत्यविधीनंतर नोला मला म्हणाल्या, "घाई केली असणार त्याने. जन्मभर घाईच केली." त्यांनी मला उरलेला केक डब्यात घालून दिला. डबा अजून माझ्याकडे आहे.

मयताच्या स्वतःच्या घाईमुळे अपघात झाला अशी नोंद होईल, असे आज मला येथे सांगण्यात आले. म्हणून हा जबाब देत आहे. त्यांनी घाई केली नव्हती.

सदर पट्टी मी ओल्या फडक्यात गुंडाळून सोबत आणली आहे. ती मुद्देमालाच्या कपाटात ठेवताना फडके ओले ठेवावे. वाळली तर ती खाचेतून नीट सरकेल आणि तिच्यात काही दोष दिसणार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. एक दुरुस्ती करावी. वर "पट्टी बसवण्यात आली होती" असे आहे. तिथे "पट्टी मी बसवली" असे लिहावे. बॅसिलने "थोडी घास" म्हटलं होतं. दुरुस्ती झाल्यावर सही करतो, आणि एक प्रत मला द्यावी. ती नोलाला वाचून दाखवायची आहे.