सातव्या मजल्याची सुनावणी

सून : मला फक्त एवढंच सांगा आई, माइक तुमच्या हातात आला कसा?

सासू : मी हात पुढे केला. शिपायाने दिला.

सून : मुळात तुम्ही सुनावणीला येणारच नव्हता. तुम्हा दोघांनाही मी बजावून सांगितलं होतं. माझी पहिली इमारत आहे, तीही भर बाजारपेठेत, लोक वाट्टेल ते बोलणार. घरच्यांनी ते ऐकायला नको.

सासू : मला कुठे ऐकायचं होतं? शेजारीण निघाली होती. तिला एकटीला जिना चढवत नाही.

सून : सभागृह तळमजल्यावर आहे.

सासू : ते तिथे गेल्यावर कळलं.

मुलगा : चहा घ्या दोघी आधी.

सून : तू मध्ये पडू नकोस. आजचा पेपर बघितलास? वाच जरा.

मुलगा : वाचलाय.

सून : मोठ्याने वाच.

मुलगा : "आमच्या घरात वळायलाही जागा नाही! नियोजित इमारतीच्या वास्तुविशारद बाईंच्या सासूबाईंची जाहीर कबुली."

सासू : असं मी म्हटलेलं नाही.

सून : मग काय म्हटलंत?

सासू : मी "स्वयंपाकघरात" म्हटलं. त्यांनी "घरात" छापलं.

मुलगा : फोटो बरा आलाय आई तुझा.

सासू : डोळे मिटलेत.

सून : आधीच लोकांना ती इमारत डोळ्यांसमोर नको होती...

सासू : ते मात्र खरं. पहिलाच माणूस उठला आणि म्हणाला, दोन दुकानांच्या मध्ये कुणीतरी फूटपट्टी विसरून गेलंय असं दिसतं.

सून : मी तिथेच होते आई. समोर खुर्चीवर.

सासू : ह्याला सांगतेय. हा नव्हता ना. मग एक बाई म्हणाल्या, फार उंच आहे. त्यांच्या मागचे गृहस्थ म्हणाले, उंचीचं काही नाही, अरुंद फार आहे. तिसऱ्याने विचारलं, मग रुंद का नाही केली?

सून : कारण जागाच तेवढी आहे! दोन्हीकडे दुसऱ्यांच्या भिंती आहेत. त्या काय खांद्याने ढकलू?

सासू : तू तेच उत्तर दिलंस, पण मागे पोचलं नाही. माइक हनुवटीखाली धरत होतीस.

मुलगा : आणि तो रंग? रंगावरूनही काहीतरी झालं म्हणे.

सून : रंगाचं नाव काढू नकोस. चित्र छापताना शाईने दगा दिला, म्हणून ते जांभळट आलं. इमारत पांढरी आहे. जांभळ्या रंगाला विरोध करायला एकामागून एक माणसं उठली.

सासू : एक जण बाजूने होता. त्याला जांभळीच आवडली होती. पांढरी आहे म्हटल्यावर तोही विरोधात गेला.

सून : चित्रात फुटपाथवर मी एक झाड काढलं होतं, शोभेला. एका आजोबांनी विचारलं, तिथे आज झाड नाही, मग तोडणार कुठलं?

मुलगा : काय सांगितलंस?

सून : काय सांगणार? झाड तोडणार नाही असं आश्वासन दिलं.

सासू : त्यावर थोडं वातावरण निवळलं. मग तो चष्म्याच्या दुकानाचा मालक उठला. त्याचीच भिंत लागून आहे.

सून : हो. त्याचं बोलणं संपायच्या आत तुम्ही उठलात.

सासू : तो म्हणाला, हे ज्या बाईने काढलंय तिने जन्मात कधी संसार केलेला दिसत नाही.

सून : म्हणाला. म्हणू दे ना! असं बोलणारे भेटतातच. मी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

सासू : त्यात लिहून काय घ्यायचं?

सून : लिहून घेतलं की लोक खाली बसतात आई.

सासू : तो बसला नव्हता. म्हणून मी उभी राहिले. म्हटलं, लक्ष द्या.

मुलगा : तसंच? बसस्थानकावर म्हणायचीस तसं?

सासू : मला माइकवर दुसरं कसं बोलता येतं? सगळी नोकरी घोषणा करण्यात गेली.

सून : तुला खोटं वाटेल, पण अर्ध्या सभागृहाने पायाशी ठेवलेल्या पिशव्या उचलल्या.

मुलगा : बस लागली असं वाटलं असेल.

सून : हसू नकोस.

मुलगा : हसत नाहीये. पुढे?

सासू : म्हटलं, ही माझी सून आहे. हिने संसार केलाय की नाही ते मी सांगेन, चष्मेवाल्यांनी तसदी घेऊ नये. आमचं स्वयंपाकघर असं आहे, की एक जण ओट्याशी उभी असली तर दुसरीला मागून जाता येत नाही. ही लग्न होऊन आली तेव्हा आमचं एकमेकींशी पटत नव्हतं. बोलणंच नव्हतं.

मुलगा : हे सगळ्यांसमोर सांगितलंस?

सासू : सगळे नव्हते. काही जण बाहेर पॅसेजमध्ये होते.

सून : त्यांच्यासाठी तिथे स्पीकर लावला होता.

सासू : म्हटलं, घर ऐसपैस असतं तर आम्ही आजही बोललो नसतो. ती तिच्या कोपऱ्यात, मी माझ्या. पण त्या स्वयंपाकघरात बोलल्याशिवाय हलताच येत नाही. "सरका." "थांबा." "गरम आहे." "मागून येतेय." पहिलं वर्ष आम्ही एवढंच बोललो. मग एक दिवस हिने विचारलं, तुमचा गुडघा दुखतोय का? म्हटलं, हो. तिथून पुढचं बोलायला लागलो. म्हणून सांगते, अरुंद जागेत माणसाचं काही बिघडत नाही. एवढं बोलले आणि धन्यवाद म्हणून बसले.

सून : लोक हसले आई.

सासू : शेवटी टाळ्या पडल्या.

सून : तुम्हाला पडल्या. इमारतीला नाही. दोन वर्षं त्या नकाशावर मान मोडून काम केलं मी. आता गावभर तिची ओळख काय, तर सासूच्या स्वयंपाकघरासारखी इमारत. सकाळी ऑफिसच्या साहेबांनी फोनवर विचारलं, सासूबाई पुढच्या सुनावणीलाही बोलणार आहेत का?

सासू : मला कुणी कळवलेलं नाही.

सून : आई!

सासू : तुझं बोलून झालं? मग मी एक विचारते. चष्मेवाल्याच्या आधी समितीच्या अध्यक्षबाईंनी तुला विचारलं, की तुम्ही स्वतः राहाल का ह्या इमारतीत?

सून : विचारलं.

सासू : तू काय म्हणालीस?

सून : ते असं होतं आई, की...

सासू : तेव्हा माइक बरोबर तोंडासमोर होता. शब्द न् शब्द ऐकू आला.

सून : म्हटलं, हो. सातव्या मजल्यावरचं घर आम्ही दोघांनी घ्यायचं ठरवलंय.

सासू : आम्ही दोघांनी.

मुलगा : आई, मी तुझ्या कानावर घालणारच होतो.

सून : म्हणजे? तू अजून सांगितलंच नव्हतंस?

मुलगा : मला वाटलं, तू सांगितलंस.

सून : मी? आई तुझी आहे!

मुलगा : तुमचं दोघींचं सगळं बोलणं होतं ना. मी म्हटलं, झालं असेल.

सून : इतके महिने मला वाटतंय, आई समजूतदार आहेत, विषयसुद्धा काढत नाहीत.

सासू : मला विषयच माहीत नव्हता. शेजारीण माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग मी सगळं ठाऊक असल्यासारखी मान हलवली. तिला म्हटलं, हो, सातवा. ऊन छान येतं तिथे. आता मला काय माहीत येतं की नाही.

सून : येतं. सकाळचं.

सासू : मग खोटं नाही बोलले.

मुलगा : आई, फार लांब नाहीये ते. इथून चालत...

सासू : मी अंतर विचारलं का?

मुलगा : नाही.

सून : हे ऐकलंत, आणि तरी माझ्या बाजूने उठलात?

सासू : सातव्या मजल्याचं आपल्या घरातलं आहे. चष्मेवाला बाहेरचा.

सून : आम्ही तुम्हाला टाकून चाललोय, असं वाटलं असेल.

सासू : वाटलं. पण ते काय माइकवर सांगायचं?

सून : आई, मी तुमची खोली बसवून बघितली. एकदा नाही, कितीदा तरी. ह्याला विचारा. पण जागाच तेवढी. खोली काढली की जिना जातो, जिना ठेवला की खोली जाते.

सासू : जिना हवा. लोक उतरणार कुठून?

सून : म्हणूनच सांगायला तोंड होत नव्हतं.

सासू : ते खोलीचं सांगितलं असतंस तर चाललं असतं.

(सुनेचा फोन वाजतो.)

सून : हो साहेब, बोला... हो, घरीच आहे... कधी बसली समिती?... बरं... किती?... नाही, ऐकू आलं. पण किती म्हणालात?... आणि रंग?... बरं. कळवते. ठेवते.

मुलगा : काय झालं?

सून : मंजूर झाली.

मुलगा : अगं, मग असं तोंड का?

सून : उंची कापून. नऊच्या जागी सहा मजले. शेजारच्या इमारतींच्या मानाने फार वर जाते म्हणाले. रंगावर त्यांचं एकमत होईना, तो नंतर ठरवणार.

मुलगा : सहा म्हणजे मग...

सून : सहा म्हणजे सातवा नाही.

मुलगा : अरेरे.

सून : पहिलीच इमारत, आणि वरचे तीन मजले गेले.

सासू : सहा उभे राहणार ना?

सून : राहणार.

सासू : मग डोळे पूस.

सून : रडत नाहीये मी.

सासू : बरं. पूस तरी.

मुलगा : चला, म्हणजे आता आपण सगळे इथेच. झालं आई तुझ्या मनासारखं.

सासू : माझ्या मनात काय आहे ते तू कधी विचारलंस?

मुलगा : नाही, पण...

सासू : गप्प बस जरा. काय गं, सहाव्यावरचं घर कुणी सांगून ठेवलंय का?

सून : अजून कुणी नाही. का?

सासू : मग साहेबांना परत फोन लाव. दुसरं कुणी मागायच्या आत.