कड्यावरच्या खुणा

(युटा राज्यातलं लाल खडकांचं उद्यान. कड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, दुपारी, दोघं दमून बसले आहेत. ऑरिन उद्यानाचा वनरक्षक. लरू निवृत्त शिक्षिका. वाट दाखवणाऱ्या दगडांच्या लगोऱ्या वीस वर्षं तीच रचते.)

ऑरिन : ही सहावी, बाई. पाडू?

लरू : हिला हात लावू नकोस. ही माझी आहे. पर्यटक फोटोसाठी रचून जातात, त्या पाड.

ऑरिन : तुमचीच आहे, दिसतंय. खाली तीन दगड, मध्ये पाचर, वरच्या दगडाचं टोक पुढच्या लगोरीकडे. चौथीत शिकवलंत. माझी तीनदा लाथेनं पाडलीत.

लरू : लाथेनं पडते ती कसली खूण? आणि तुझी भिकारच होती. घे, जर्दाळू खा.

ऑरिन : नको. शनिवारचं ते कुटुंब याच लगोऱ्यांमागे गेलं, बाई.

लरू : ओहोळात सापडले ते?

ऑरिन : हो. कड्याची वाट तिकडे वर राहिली. वरच्या डोंगरात पाऊस झाला असता, तर त्या ओहोळातून कोणी जिवंत आलं नसतं.

लरू : मी जुन्याच जागी रचते. बर्फानं पडलेल्या उचलायच्या आणि पुन्हा तिथेच.

ऑरिन : नकाशा आणलाय. दर वर्षी चार-पाच पावलं खाली आल्यात.

लरू : दाखव.

ऑरिन : ही वीस वर्षांपूर्वीची. ही आताची.

लरू : गुडघा, ऑरिन. वरच्या पायरीवर पाय उचलेना. म्हटलं, इथून जरा सोपं पडेल, सगळ्यांनाच. दर वर्षी जराच.

ऑरिन : अहवालात मी लिहिलंय की पर्यटकांनी रचल्या.

लरू : शेजारच्याच्या वहीत बघून लिहायचास, तेव्हाही मला कळायचं. खोडून टाक ते. माझं नाव लिही.

ऑरिन : मग तुम्हाला या वाटेवर काम करू देणार नाहीत.

लरू : माहीत आहे. त्यांची मुलगी केवढी?

ऑरिन : नऊ वर्षांची. खूण दिसली की तीच पुढे पळायची, आई सांगत होती.

लरू : चौथीतली. टोक बघून चालली असणार. अगदी बरोबर चालली पोरगी.

ऑरिन : बाई, पाणी घ्या.

लरू : नंतर. ही पाड. सहाही पाड. मग त्या उंचवट्यावर चढ, जुनी जागा तीच. मी इथूनच सांगते.

ऑरिन : हे तीन चालतील?

लरू : मधला डुगडुगतोय. बदल. हं. आता पाचर. ठोक नीट. टोक कड्याकडे.

ऑरिन : झाली.

लरू : आता लाथ मारून बघ.

ऑरिन : मी? ते तुमचं काम, बाई.

लरू : माझा पाय आता तेवढा उचलत नाही रे.