नागमोडीच्या पाच चिठ्ठ्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, कोशमंडळातले माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघत बसलेले आमचे हे,

तुम्ही माझ्याबद्दल इतकं भरभरून बोललात, की या बाईंना एकदा भेटायलाच हवं असं मला वाटायला लागलं.

शब्दकोशात बत्तीस वर्षं गेली. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. एका शब्दाला एक चिठ्ठी. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली तो आला कुठून. चिठ्ठी खणात गेली की त्या शब्दाला पुन्हा हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी ‘नागमोडी’ माझ्या वाट्याला आला. तसा सोपाच. नाग, आणि मोड म्हणजे वळण. नाग सरपटतो तशी वळणं घेत जाणारी वाट. लिहिला, खणात टाकला. आठवड्याने आमची चिमणी, म्हणजे माझी सहायक, दार लोटून आत आली. हातात पाच चिठ्ठ्या! पाचही नागमोडीच्या, पाचही माझ्या अक्षरात, काना-मात्रेचाही फरक नाही.

“बाई, माझी परीक्षा घेताय ना?” पोरीचा चेहरा पांढराफटक पडलेला.

“हो गं, पास झालीस,” म्हटलं. ती गेली. मला एकच चिठ्ठी आठवत होती, हो!

त्याच संध्याकाळी बसमधून उतरले. थांब्यापासून आमचं घर तीन वळणांवर. दुसऱ्या वळणाशी आले आणि पुढे कुठे जायचं तेच सुचेना. कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारलं.

“काय बाई, गरिबाची थट्टा करता? डावीकडे!”

मीही हसले. दुसरं काय करणार?

निवृत्तीच्या मुदतीआधी का निघालात, असं सगळे विचारतात. हे त्याचं उत्तर. यांनाही आजच कळतंय. अहो, उठू नका, बसा. घरी सांगायचा धीर झाला नाही, आणि उद्या सांगायचं लक्षात राहील याची खात्री नाही. मला फार भीती वाटते. रोज त्या वळणापाशी थांबून डावीकडे की उजवीकडे ते आठवत राहते.

असो. अध्यक्षांचे, आयोजकांचे मनापासून आभार. चिमणे, तू चार चिठ्ठ्या गुपचूप फाडून टाकल्यास, त्याबद्दल तुझेही. कुणाचं नाव राहिलं असेल तर पोटात घाला, मी मुद्दाम केलेलं नाही.

आणि अहो, इतकी वर्षं मी पुढे आणि तुम्ही पिशव्या घेऊन मागे. आज थांब्यावर उतरलो की तुम्ही पुढे व्हा. मी हात धरते.