बिनपाण्याची गिरणी

तुम्ही हसाल, पण त्या दुष्काळात लातुरात मी कॉफी दळायची हातगिरणी घेतली. घरीही चालावी अन् तंबू घेऊन कुठं गेलो तर तिथंही. दुकानदार स्टीलचं पातं, सिरॅमिकचं पातं समजावत होता, अन् बायकोचा एकच सवाल, "धुवायला पाणी किती लागतंय?"

"धुवायचीच न्हाई वहिनी, ब्रशनं झाडायची."

"मग हीच द्या."

ह्या निवडानिवडीत तिकडं गल्लीत टँकर येऊन गेला. घरी आलो तर ड्रम कोरडा. बायको रिकामी घागर आपटून आत गेली. मी आपला ओट्यावर बसून गिरणी फिरवत राहिलो. घमघमाट गल्लीभर सुटला.

शेजारच्या आक्का आल्या. तेव्हा आमच्यात चहाला येणारा पेलाभर पाणी सोबत आणायचा. आक्कांच्या कमरेवर भरलेली कळशी!

"आक्का, एका कपाला कळशी?"

"लई बारीक दळायलास. पाणी जास्त लागंल."

कॉफी झाली. एका घोटात आक्कांचं तोंड वाकडं. "कडूजहर हाय रे!" म्हणाल्या अन् उठल्या.

"आक्का, पाणी राहिलं तुमचं!"

"असू दे. उद्या लागंल की तुला कॉफीला. मी न्हाई येणार."