कपचीतली अंडी

नाही, तिथे नका पाय टाकू, पिलाजीराव — इकडून या, टाकीच्या सावलीतून. ती कपची, बारीक खडी, पसरलीय ना, त्यात अंडी आहेत. दिसत नाहीत? कुणालाच दिसत नाहीत. मी रोज बघते, तरी आधी नुसते खडेच दिसतात, मग नजर जरा थांबली की त्यातलाच एखादा खडा गोल होतो, त्यावर ठिपके येतात. टिटवीची आहेत. पूर्वी आमच्या निजामपुऱ्यात इथे समोर शेतच होतं, आता सगळे फ्लॅट — तिनं तरी कुठे जावं, आली आमच्या अगाशीवर, या गच्चीत. शेजारच्या पन्नाबेन खूश आहेत, टिटोडीनं उंचावर अंडी घातली म्हणजे यंदा वरसाद, पाऊस, भरपूर, म्हणतात. असेल.

कपची माझ्या मुलानं, दिग्विजयनं, आणवलेली. वर खोली बांधायची होती, त्या दोघांची. कॉलम उभे राहिले आणि मग हायवेवर त्याच्या स्कूटरला — ते तुम्हाला ठाऊकच आहे. भाच्यासाठी आमच्या देवश्रीची चौकशी करायला आलात, म्हणजे ठाऊक असणारच. आणि सुनेची चौकशी सासूकडे करायची, बरोबर आहे, रीतीला धरून आहे. मी कुठे नाही म्हणते.

विचारा ना. स्वभाव? स्वभाव तसा — हट्टी आहे थोडी. मनात आलं तर बोलेल, नाही तर दिवसदिवस गप्प. स्वयंपाकही बेताचाच. आणि डोकं दुखतं तिचं, उन्हाळ्यात तर फारच. तुमचा वासणा भागातला बंगला, एवढी माणसं, येणंजाणं — तिला ते झेपेल असं मला काही —

थांबा. टिटवी आली बघा. पंख कसा लोंबतोय, फरफटत चाललीय, दिसली? पहिल्या दिवशी मीही अशीच तिच्यामागे गेले, वाटीत पाणी घेऊन, पार त्या टोकापर्यंत. वाटलं, मोडला बिचारीचा. आणि देवश्री इथे उभी राहून म्हणते, "आई, फसलात. काही मोडलं नाहीये तिचं. अंड्यांपासून लांब नेतेय तुम्हाला." आणि हसली. तो गेल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं, पिलाजीराव. मला आधी कळेचना, आवाज कसला आला ते. मग दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी उन्हं कलली की वर यायला लागलो. बोलायचं नाही, एकमेकींची समजूत घालायची नाही, नुसतं बघायचं. नर-मादी पाळीनं बसतात. ऊन तापलं की त्या परातीत पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतात — हे देवश्रीनं हेरलं हं, मी नाही. परातही तिनंच ठेवली. एवढं माझं वय झालं, पण समोरच्या कडुनिंबावर पोपट कुठल्या बाजूनं येऊन बसतात ते मला याच वर्षी कळलं. आता तर दुपारपासूनच वाट बघते मी — पोपटांची नाही, तिनं "आई, चला" म्हणायची.

परवा तिला विचारलं, पिलं बाहेर आली की आपण बघत बसायचं ना असंच? तर म्हणाली, "टिटवीची पिलं थांबत नाहीत, आई. अंग वाळलं की लगेच चालायला लागतात." मला ते आवडलं नाही.

मी? माझं काय. माझी चौकशी करायला थोडेच आलात तुम्ही. हे तर केव्हाच गेले, सवय आहे मला.

गेली बघा उडून. बघितलात पंख? धडधाकट.

बसा हो जरा — नाही, नकाच बसू. मघाशी मी स्वयंपाकाचं म्हणाले ना, ते सोडून द्या. चांगला करते. माझ्यापेक्षा चांगला. डोकंबिकंही काही दुखत नाही तिचं. हट्टी आहे, ते खरं — हट्टानंच मला रोज जेवायला बसवते.

तुम्ही असं करा, खाली जा. स्वयंपाकघरात असेल, तिलाच विचारा काय ते. छे, मी नाही येत. मी समोर असले की ती माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देते. जा तुम्ही. आणि भिंतीला धरून उतरा — जिन्याला कठडा लावायचा राहिलाय.